चार महिन्यांची मीटिंग

मी नागपूर सोडलं तेव्हा माझी बॅग डिकीत नीट बसली आहे का, हे बाबांनी तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा ट्रॅव्हल्सच्या क्लीनरला विचारलं. आईने दशम्या दिल्या, त्या दोन दिवस पुरतील का यावर दोघांचं तिथेच वाजलं. बस हलताना बाबा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "आता येशील ते सुटीतच ये." तो आशीर्वादच होता. सरकारी कचेरीत अख्खी हयात काढलेल्या माणसाला नोकरी एकदा लागली की लागलीच, एवढंच माहीत होतं. मी बावीस वर्षांची होते. मान हलवली आणि पुण्याला गेले.

चौदा वर्षांनी परत आले ती सुटीत नव्हे. पुण्यात मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत होते. कुठला ट्रक कधी निघेल, वाटेत कुठे थांबेल, उशीर झाला तर ग्राहकाला काय सांगायचं, हे माझं काम. एका मंगळवारी एचआरच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर गोड आवाजात सांगितलं की माझी पोझिशन आता राहिलेली नाही. म्हणजे मी आहे, माझी खुर्ची आहे, फक्त पोझिशन गेली. मला राग आला. आणि खरं सांगते, चूक माझी नसताना लाजही वाटली. भाड्याचा फ्लॅट सोडला, एकटीचा संसार टेम्पोत भरला आणि नागपुरात हुडकेश्वरला आईबाबांकडे आले.

पुण्यात असताना घरी जाते म्हटलं की नागपूर. इथे येऊन चार दिवस झाले नाहीत तोच मी आईला म्हणून गेले, "माझ्या घरी यापेक्षा मोठा कुकर होता." तिचा चेहरा उतरला. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना हे बरोबर कळेल. जे इथेच राहिलात, त्यांनी राग मानू नये.

आठव्या दिवशी शेजारच्या खडतकर काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काहून वं मनू, यंदा मुक्काम लांबला?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "वर्क फ्रॉम होम आहे तिचं. घरूनच काम करून राहिली."

झालं. बोलले ते निभावणं आलं. रोज दहाच्या ठोक्याला मी समोरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचे, दार लोटलेलं. आई गेटपाशीच बायांना थांबवायची, "हळू वं, मीटिंग सुरू आहे तिची." आत मी अर्ज भरत असायचे. दिवसाला पाच, हा माझाच नियम. रेझ्युमे रोज थोडा घासायचा, जुन्या सहकाऱ्यांना मेसेज करायचे, एक ऑनलाइन कोर्सही लावला होता. हातावर हात धरून बसणं माझ्या रक्तातच नाही. पण अर्ज जायचा आणि उत्तर यायचं नाही, आलं तर मशीनचं. 'आपला प्रोफाइल आम्ही जपून ठेवू' म्हणे. लोणच्याची बरणी आहे का मी?

दुपारी चारच्या सुमाराला खुर्ची टोचायला लागायची. मग गच्चीवर फेऱ्या. नुसत्या फेऱ्या मारणारी बाई रिकामी दिसते, म्हणून कानाला फोन लावून. पलीकडे कोणी नसायचं. मी मधूनच मान डोलवायचे, एकदोनदा तर "शुअर, शुअर" असंही म्हटलं. धरमपेठेत राहणाऱ्या शाळेतल्या मैत्रिणीने दोनदा कॉफीला बोलावलं, दोन्ही वेळा मी कॉल आहे म्हणून टाळलं. बाबांच्या एका वाक्याचं नाटक आम्ही तिघांनी चार महिने चालवलं, आणि ते इतकं छान वठलं की गल्लीत माझं उदाहरण द्यायला लागले.

जानेवारीत आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंचवीसेक बाया, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी तिळाचे लाडू देत होते. खडतकर काकूंनी लाडू घेतला आणि अगदी सहज म्हणाल्या, "माझ्या दिराचं कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचं काम आहे नं. आता मृग बहराची संत्री सुरू होतीन. गाड्या कधी भराच्या, कोणती कुठं धाडाची, हे पाहाले त्याले माणूस पाहिजे होता. मी म्हटलं मनूले विचारावं. पण तुझे बाबा म्हणत, पोरीले श्वास घ्याले फुरसत नाही. मंग त्यानं इंदूरचा एक पोरगा ठेवला. मागच्याच आठवड्यात."

भिंतीपलीकडे माझंच काम होतं आणि आम्ही त्याला गेटवरूनच परत पाठवलं होतं. मला रडू फुटेल असं वाटलं, पण तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

"काकू, मला कुठली मीटिंग नसते. माझी नोकरी जाऊन चार महिने झाले. मी काम शोधून राहिली."

आईचं कुंकवाचं बोट कोणाच्या तरी कपाळापाशी तसंच थांबलं. खडतकर काकू खाली बघायला लागल्या. मला वाटलं, आता एकेक बाई चप्पल शोधेल.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या, कोणाच्या तरी सासूबाई. त्या म्हणाल्या, "मंग? काय काय येते तुले?"

चार महिन्यांत हा प्रश्न मला एकाही कंपनीने विचारला नव्हता. फॉर्मवर विचारतात ते मधल्या काळात काय करत होता हे. मी लाडवाचं ताट खाली ठेवलं आणि सांगायला लागले, ट्रकचं, मार्गाचं, माल फुटू नये म्हणून कसा रचायचा त्याचं. एकीच्या बचत गटाचे पापड पुण्याला जाईपर्यंत निम्मे मोडतात, ती सरकून जवळच आली. दुसरीचा जावई कोल्ड स्टोरेजमध्ये होता. खडतकर काकू म्हणाल्या, हंगाम वाढला की दिराले आणखी एक माणूस लागतेच. अर्ध्या तासात माझ्या फोनमध्ये पाच नावं होती.

बाया गेल्यावर आई कडाडली. "नोकरी गेली हे काय वाणासारखं लुटाचं होतं का वं? माझ्या हळदीकुंकवात?" मग तिथेच बसली आणि पदर डोळ्याला लावला. मीही बसले.

बाबा बाहेर व्हरांड्यात होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "मले तुझी लाज नव्हती वाटत, मनू. लोकं रोज विचारतीन, अन् तुले रोज सांगा लागीन. म्हणून बोललो तसं." मी त्यांच्यावर चार महिने मनातल्या मनात चिडले होते. "वरण वाढू का?" एवढंच विचारलं.

अजून पक्की नोकरी नाही. बचत गटाच्या पापडांसाठी खोके ठरवून दिले, दोन खेपा धड पोचल्या. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी सोमवारी भेटायला बोलावलं आहे. दहाला बसणं मी सोडलं नाही, पण आता दार उघडं असतं आणि बाया खुशाल आत येऊन बसतात. कामाचा खोळंबा होतो, हेही खरं.

तुम्ही जे दूर आहात आणि फोनवर "सगळं ठीक" म्हणता, त्या तुमच्यासाठी हे लिहिलं. मला घर म्हणजे परत यायला जागा वाटायची. आता वाटतं, जिथे आपलं बिनसलेलं मोठ्याने सांगता येतं ते घर. आणि तसं ते आयतं मिळत नाही, आधी कोणालातरी तोंड उघडावं लागतं.

परवा बाबांबरोबर भाजी आणायला बाजारात गेले होते. त्यांच्या कचेरीतले जुने साहेब भेटले. त्यांनी माझ्याविषयी काही विचारलंही नव्हतं. बाबांनी घसा खाकरला. "ही माझी मुलगी. नोकरी गेली तिची. गाड्यांचं काम फस्क्लास येते. तुमच्या पाहण्यात आहे का कुठं?"

साहेब म्हणाले, सध्या तर नाही. बाबा म्हणाले, "लक्षात असू द्या," आणि पुढे निघाले. बटाट्यांपाशी आणखी एक ओळखीचे दिसले, त्यांनाही तेच सांगितलं. आवाज जरा कापत होता, पण शब्द सगळे नीट होते. तिसऱ्या माणसापाशी बाबा थांबले तेव्हा मी पिशवी खाली ठेवली आणि माझा नंबर सांगायला लागले.