पिवळी केबल आणि ह्यांचे हात

दिघीच्या आमच्या घरात इंटरनेटची बारीक पिवळी केबल आली, ती दारावरून लोंबत होती. ह्यांनी चाकणच्या कंपनीत जन्मभर वायरिंग केलेलं. तांब्याच्या वायरीला करत तसं त्यांनी तिला चौकटीच्या कोपऱ्यात दाबून काटकोनात बसवलं. दुसऱ्या दिवशी लेकीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत मधेच तुटली.

दुरुस्तीवाला आला नि म्हणाला, "काका, प्लॅस्टिकच्या आत काचेचा तंतू असतो. गोल वळण द्यायचं."

मी सगळ्यांसमोर फाडकन बोलले, "आता तरी हात आवरा!"

त्यांनी खरंच आवरले हो. पुढं साधा बल्ब गेला तरी म्हणायचे, "कुणाला तरी बोलाव." दोन वर्षांनी ते गेले. लेकीची मुलाखत तर दुरुस्तीवाला आला त्याच संध्याकाळी पुन्हा झाली होती.