जरा भ्या, मग दाबा

"जरा भ्या. मग दाबा."

एंटरची कळ दाबण्याआधी सर हात वर उचलायचे, तळवा पँटला पुसायचे आणि हे वाक्य म्हणायचे. आमच्यापैकी कोणी न भिता कळ दाबली, की त्यांचा चेहरा घरात गॅसचा वास आल्यासारखा व्हायचा. कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचे सर कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे आणि परत चढून यायचे.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस. मी जळकोटची, नुकती इंजिनिअर झालेली, अंगात पुष्कळ तोरा. सर हिमायतनगरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, हैदराबादेत बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले. तिथून त्यांनी प्रोग्रॅम लिहायची एक कंसांची भाषा आणली होती. साधी बेरीज करायची तरी कंसात, आणि त्यातही अधिकचं चिन्ह आधी, आकडे मागून. सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस माझ्यावर कसला तरी सूड उगवतोय. पुढे ती भाषा आवडायला लागली, तेव्हा सरांनी तिची भीती घालायला घेतली.

"ही भाषा आळशी हाय, पोरी. खानावळीतल्या मावशीसारखी. भाकरी सांगितल्या की 'हाव' म्हणंल. पण तू ताट घेऊन बसल्याबिगर एक भाकर तव्यावर टाकणार न्हाई."

म्हणजे असं, की यादीतल्या प्रत्येक नावासाठी अमुक काम कर असं तिला सांगितलं, तर ती लगेच हो म्हणते आणि काहीच करत नाही. पुढे कोणी त्या कामाचा निकाल मागितला, तरच हात हलवते. मला याची गंमत वाटायची. सरांना घाम फुटायचा. कोणाचाही प्रोग्रॅम तपासताना त्यांचा प्रश्न ठरलेला: "पण मागितलं का कोणी?"

त्यांच्या घामाला कारण होतं. नदीकाठच्या गावांना इशारा देण्याचं काम आमच्याकडे होतं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडायचे ठरले, की आमचा प्रोग्रॅम गावोगावच्या फोनवर आपोआप मेसेज टाकायचा. तो आला, की लोक नदीतून वर यायचे. सरांची थोरली बहीण, अक्का, त्यातल्याच एका गावात राहायची आणि दाजींची पाण्याची मोटर नदीतच होती.

त्या वर्षी सर तो जुना प्रोग्रॅम या भाषेत नव्याने लिहीत होते. चाचणीसाठी आमच्याकडे एक काळी खिडकी होती. तिच्यात एक ओळ टाकली, की 'ही चाचणी आहे' असा मेसेज जायचा आणि लगेच निकाल दिसायचा. 'सगळ्यांना पाठवला' असं उमटलं तरी सरांचा विश्वास नसायचा. ते फोन लावायचे.

"अक्का, आला का मेसेज?"

"आला रे बापू. भांडी घासून राहिले मी, ठेव आता."

मग सर पाणी प्यायचे. आम्ही मागे हसायचो.

पावसाने झोडपून काढलेल्या एका दुपारी धरणावरून खरा निरोप आला. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदाच आपला आपण चालला. पडद्यावर ओळ आली: सगळ्यांना पाठवला. सरांनी तळवा पुसला आणि फोन लावला.

"कसला मेसेज?" अक्काचा आवाज टेबलापलीकडे मलाही ऐकू आला. "न्हाई आला. हे मोटर काढाया नदीत गेलेत."

"अक्का, पळ! हाक मार त्यांला! पाणी सोडलंय!"

फोन बंद झाला. सर पडद्याकडे बघत राहिले. चूक मलाही दिसली होती. चाचणीच्या खिडकीला निकाल दाखवायचा असतो, म्हणून ती स्वतःच तो मागते. तिथे मेसेज जायचे. इथे प्रोग्रॅम आपला आपण चालला होता, निकाल मागणारं कोणी नव्हतं. भाषेने हो म्हटलं होतं आणि एकही मेसेज पाठवला नव्हता.

"मागितलं न्हाई कोणी," सर म्हणाले. ती ओळ त्यांची स्वतःची होती.

यादी शेवटपर्यंत करून घेणारा एक शब्द त्या ओळीच्या तोंडाशी घालायचा होता, बस. पण सरांना कंस सापडेनात. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तू लिही पोरी. माझ्यानं होत न्हाई."

मी लिहिलं, हात ओढणीला पुसला आणि कळ दाबली. मेसेज गेले. पण अक्काचा फोन लागेना. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

शेवटी तिचाच फोन आला. "आलेत वर. मोटर गेली वाहून. मी ओढून आणलं म्हणून माझ्यावरच वरडून राहिलेत."

"वरडू दे," सर म्हणाले, आणि मटकन खाली बसून रडले.

त्याच महिन्यात त्यांनी काम सोडलं. आम्ही पुष्कळ विनवलं. "एवढं भिऊनबी भीती कमी पडली माझी," एवढंच म्हणाले. लेकीकडे लातूरला गेले. जाताना यादीत सर्वांत शेवटी आपला नंबर घालायला लावला. यादी क्रमाने चालते, शेवटच्याला आला म्हणजे सगळ्यांना गेला. तेव्हापासून दर इशाऱ्यानंतर लातूरहून फोन यायचा. "आला, पोरी. अक्कालाबी इचारलं. तिलाबी आला."

यंदाच्या पावसाळ्यातला पहिला इशारा गेला. पडद्यावर ओळ आली. लातूरचा फोन आला नाही. मी वाट पाहिली, मग लावला, तर बंद. मग भीत भीत अक्काला लावला.

"बापू गेला गं, उन्हाळ्यात," ती म्हणाली. "तुमाला कुणी कळवलं न्हाई का?" तीच पुढे म्हणाली, "मघापासून फोन हातात घेऊन बसले. दर बारीला त्याचा फोन यायचा. आता कोण इचारंल?"

माझा तळवा ओला झाला होता. मी तो ओढणीला पुसला.

"मी विचारते, अक्का. मेसेज आला का?"

"आला," ती म्हणाली. "हे वर आलेत."