मंगळवार-शुक्रवारची गाडी

ह्यांनी नोकरीची सगळी वर्षं डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. गाडीखाली उताणं झोपायचं आणि वर हात करून नटबोल्ट सोडवायचे, हेच काम. निवृत्त झाल्यावरही ह्यांच्या नखांच्या कडा काळ्याच राहिल्या; किती घासल्या तरी ते ऑईल निघालं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. रक्तदाब जुना होता. ह्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही दिलं नव्हतं. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं. वार ठरले मंगळवार आणि शुक्रवार, वेळ सकाळी साडेसात, जागा तालुक्याच्या गावी.

आमचं गाव वालावलच्या पुढे, खाडीच्या अंगाला. तेव्हा गावाला वस्तीची गाडी होती. संध्याकाळी लाल गाडी येऊन देवळासमोर उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर मुक्काम करायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी परत निघायची. शेजारचा पुतण्या म्हणाला, रिक्षा ठरवूया. हे चिडले.

"रिक्षा कित्याक? गाडी आसा ना!"

पहिल्या मंगळवारी आम्ही देवळापाशी पोचलो तर हे आत चढेनात. पुढे जाऊन नंबराची पाटी वाचत उभे राहिले. मग बॉनेटवर हात ठेवला.

"ही बारा-चौदा," मला म्हणाले. "हिचो गिअरबॉक्स मी दोनदा उतरवलंय."

वर्कशॉपमध्ये गाडीला नंबराच्या शेवटच्या आकड्यांनीच ओळखतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

आता त्या गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून सांगते. रेक्झिनच्या सीटा, त्यांच्या शिवणीतून काथ्या डोकावणारा. खिडक्यांची तावदानं सरकवायला दोन हात लागायचे, आणि गाडी चालू झाली की सगळी एका सुरात खडखडायची. छताखालून एक दोरी गेलेली, ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गिअरचा दांडा हातभर लांब. ड्रायव्हरच्या पाठीमागे जाळी, आणि जाळीमागे दोघांची सीट. हे तिथे बसले आणि शेवटपर्यंत तिथेच बसत राहिले. गावातल्या लोकांनी दोन आठवड्यांत ती सीट सोडून बसायला सुरुवात केली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हर घाटावरचा होता, पस्तिशीचा. पहिल्याच दिवशी ह्यांचं त्याच्याशी वाजलं. चढणीवर गाडी लागली तसे हे जाळीला तोंड लावून ओरडले, "झिला, क्लचवरसून पाय काढ! प्लेट जळतली!"

त्याने मान वळवली नाही. "आजोबा, गप बसा की. गाडी मी चालवतोय."

"गाडी तू चालवतंस, पण ती मी बांधलंय!"

कंडक्टर बाई हसली, सगळी गाडी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरताना मी त्या ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "मनावर घेऊ नका. त्यांना बरं नाही." त्याने ह्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. डायलिसिससाठी मनगटाच्या वर शिरा जोडलेल्या होत्या, तिथे दोरखंडासारखी गाठ आली होती. 

खोटं कशाला बोलू, मला ते वार आवडायला लागले. आजार वाईटच होता. चार तास यंत्राला जोडलेला माणूस बाहेर यायचा तो पिळून काढल्यासारखा. दिवसाला पाऊण लिटरच पाणी घ्यायचं, उन्हाळ्यात ह्यांच्या जिभेला चिरा पडायच्या. पण जातानाचा तो पाऊण तास आमचा असायचा. नोकरीत ह्यांच्या पाळ्या, मी संध्याकाळी गावच्या वाचनालयात. मुलगी लहान होती, मग मोठी झाली, मग पुण्याला गेली. त्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघं एका बाकावर पाऊण तास सलग बसलो होतो असं मला आठवत नाही. गाडीत हे बोलायचे. लहानपणी हे आईबरोबर मालवणला बाजाराला जात, तेव्हा गाडीच्या टपावर माशांच्या पाट्या असायच्या आणि खिडकीबाहेर हात काढला की खारं पाणी ठिबकायचं, असलं काहीबाही. मी ऐकायची. खडखडाटात नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ह्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा.

आश्विनात एकदा गाडी मधेच बंद पडली. डावी-उजवी नुसती शेतं, भात कापणीला आलेलं. ड्रायव्हरने चारदा स्टार्टर मारला. गाडी खाकरली आणि गप्प झाली. सव्वासहा वाजले होते. पुढची गाडी नवाला. हे उठले.

"तुमी खंय चाललात? हाताक धक्को लागात," मी म्हटलं.

"हात लावणंय नाय. सांगतंय नुसता."

खाली उतरून ह्यांनी ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं. मी खिडकीतून बघत होते. हे उजव्या हाताचं बोट दाखवून सांगत होते आणि तो घाटावरचा माणूस पोराने बापाचं ऐकावं तसं ऐकत होता. "डिझेलच्या पायपात एअर धरल्यान. तो स्क्रू सोड. पुरो नको, दोन आटे. आता हातपंप मार. मार, मार, थांबा नको. बुडबुडे येतत? मारीत ऱ्हव. बुडबुडे संपले की आवळ." डिझेल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. मग तो धावत येऊन जागेवर बसला, किल्ली फिरवली, आणि बारा-चौदा अशी काही दणक्यात चालू झाली की बायकांनी टाळ्या वाजवल्या.

हे वर चढले तेव्हा ह्यांचा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत असल्यासारखा बघितला. उजव्या हाताला डिझेल लागलंच होतं. हात लावणार नाही म्हणाले होते. मी पदराने पुसायला गेले तर म्हणाले, "ऱ्हवांदे."

त्या दिवसापासून ड्रायव्हर 'आजोबा' सोडून 'काका' म्हणायला लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी देवळापासून निघून आमच्या घराच्या वाटेपर्यंत यायची, तो दोनदा हॉर्न द्यायचा आणि आम्ही निघायचो. ह्यांची चाल मंदावत गेली तसा तो अधिक वेळ थांबायला लागला. कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, एका शुक्रवारी हे अंथरुणातून उठले नाहीत.

"आज मी येवचंय नाय," म्हणाले. "आता पुरे झाला."

मी समजावलं, मग रागावले, मग रडले. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बाहेर हॉर्न वाजला. पाच मिनिटांनी परत वाजला. मी दारात जाऊन हाताने 'जा' म्हणून खूण केली. गाडी गेली नाही. इंजिन चालूच ठेवून ड्रायव्हर उतरला, वाटेने चालत आला, चप्पल काढून आत गेला.

"काका, जरा येता काय? गिअरबॉक्समदनं आवाज यायलाय. मला काय कळंना. वाटेत कुठं अडकली तर मानसांचे हाल हुतील."

ह्यांनी कूस बदलली. मग म्हणाले, "कसलो आवाज? खरडल्यासारखो की ठोकल्यासारखो?"

"त्येच तर कळंना."

हे उठले. सदरा घातला. मी तहानेला चघळायच्या बर्फाचा थर्मास घेतला आणि मागोमाग निघाले. सगळ्या वाटेत हे डोळे मिटून बसले होते, कपाळ जाळीला टेकवून. प्रत्येक गिअरला भुवई हलायची. उतरलो, गाडी पुढे गेली, तेव्हा मला म्हणाले, "गिअरबॉक्साक काय एक झाला नाय. खोटारडो मेलो." आणि हसले. मग माझा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढले. त्यानंतर 'येणार नाही' असं एकदाही म्हणाले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यानंतर बारा-चौदा बंद झाली. तिची वर्षं भरली होती. एका मंगळवारी तिच्या जागी दुसरीच गाडी आली, नव्या बांधणीची, दार आपोआप मिटणारी. घंटीच्या दोरीऐवजी बटण होतं. ड्रायव्हर तोच होता, पण तो आता काचेच्या आड बसलेला.

"काका, तिला नेली," त्याने उतरून सांगितलं. "यार्डात हाय. लिलाव व्हईल."

हे त्या गाडीत बसले. ती बरी होती, गचके कमी होते. हे वाटभर काही बोलले नाहीत, आणि आता बोललं असतं तर सहज ऐकू आलं असतं.

महिन्याभरात ड्रायव्हरची बदली त्याच्या जिल्ह्यात झाली. किती वर्षं तो अर्ज करत होता. जाण्याआधी घरी येऊन ह्यांच्या पाया पडला. ह्यांनी त्याला आपली जुनी पान्यांची पिशवी दिली. 'वर्कशॉपात मिळणत नाय असले आता' एवढंच म्हणाले.

आणि आता मी जे सांगणार आहे ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

त्याच सुमारास एका शुक्रवारी, यंत्रावरून उठल्यावर, हे म्हणाले, "माका ती गाडी एकदा बघूची आसा."

यार्ड तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर होतं. ऊन होतं. ह्यांचा रक्तदाब उतरला होता, ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, "आज दमलात तुमी. फुडच्या शुक्रवारी जावया."

पुढच्या शुक्रवारी ह्यांनी परत विचारलं. त्या दिवशी वाचनालयाच्या समितीची सभा होती, मला एकची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नक्की. ह्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा ह्यांनी विचारलं नाही. मला आठवण होती. मी वाट बघत होते की हे विचारतील, आणि हे विचारत नाहीत म्हणजे विसरले असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. हे काहीच विसरत नसत.

पौषात एका रविवारी, दुपारचा चहा घेता घेता, हे गेले. कपात घोटभर चहा उरला होता. अर्धा कपच ह्यांच्या वाट्याचा असायचा.

मंगळवारी सकाळी हॉर्न वाजला, दोनदा. नव्या ड्रायव्हरला जुन्याने सांगून ठेवलं असणार, आणि ह्या ड्रायव्हरला कुणी काही कळवलं नव्हतं. घरात पाहुणे झोपले होते. मी तशीच, विस्कटलेल्या केसांनी, वाटेपर्यंत गेले. गाडीतली ओळखीची माणसं माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरने काच सरकवली. मी नुसती 'नाही' अशी मान हलवली. शेवटी कंडक्टर बाईच खाली उतरली. मला जवळ घेतलं, आणि त्याला म्हणाली, "चल. आता हय थांबा नको."

वस्तीची गाडी पुढे वर्षभर चालली. मग तीही थांबली. माणसंच उरली नव्हती, ज्याच्या त्याच्या दारात मोटरसायकल.

यार्डात मी गेले ती ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर. पुतण्याला म्हटलं, मला एका ठिकाणी ने. कुठे, का, त्याने विचारलं नाही. यार्डाचं फाटक उघडं होतं. आत आठ-दहा गाड्या ओळीने उभ्या होत्या, चाकांशिवाय, दगडांवर. गवत खिडक्यांपर्यंत आलेलं. एकीच्या आत वेल चढली होती. मी पुतण्याला नंबर सांगितला आणि एकेक पाटी वाचत गेले. काही पाट्या गंजून गेल्या होत्या, तिथे पुतण्या वाकून बोटाने चाचपायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा.

पहारेकरी आला. वयस्कर होता. मी नंबर सांगितला.

"ती खंय आता!" तो म्हणाला. "ती कधीच गेली. लिलावात घेतल्यानी, हयच कापल्यानी, ट्रकात भरून नेल्यानी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने विचारलं, "तुमचा काय ऱ्हवला होता काय तिच्यात?"

"नाही," मी म्हटलं. "कधी नेली?"

त्याने बोटांवर महिने मोजले. ह्यांनी पहिल्यांदा विचारलं त्या शुक्रवारी ती तिथे होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही होती. हे गेले त्या दिवशीही होती.

मी फाटकाबाहेर येऊन एका दगडावर बसले. पुतण्या मोटरसायकलला टेकून उभा राहिला. चाळिशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप, पण त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. मग म्हणाला, "काकी, कायतरी खावया गो. सकाळपासून तुझ्या पोटात काय नाय."

नाक्यावर एक खानावळ होती. त्याने दोन बांगड्याची ताटं सांगितली. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. पण मी सगळं जेवले, भात परत मागून घेतला, आणि जेवता जेवता त्याला सांगितलं की ती गाडी बघायची असं काकांनी दोनदा म्हटलं होतं.

तो जेवायचा थांबला. मग त्याने आपल्या ताटातला उरलेला बांगडा उचलून माझ्या ताटात ठेवला.