विहाराच्या दारातली नाकवाली मावशी

ये वं बाई, अशी जवळ सरक, असं म्हटलं असतं; पण तू आहेस कुठे! मागच्या खेपेला अर्धा चहा कपात टाकून पळालीस आणि आता फोनवर विचारतेस, "आजी, ती नाकवाली मावशी कोण होती?" असल्या गोष्टी काय फोनवर सांगायच्या असतात? इथे येऊन राहिली असतीस, तर भाकरी थापता थापता सांगितली असती. आता लिहून काढते आहे. वाच, आणि थोडी लाज वाटली तर वाटू दे.

नाकवाली मावशी पुरुषांची तोंडं हुंगायची. हो, हुंगायची! दीक्षेच्या दसऱ्यानंतर, म्हणजे आम्ही बौद्ध झालो त्यानंतर, नागपुरातल्या आमच्या वस्तीने टिनाचं छप्पर टाकून विहार उभा केला होता. रविवारी संध्याकाळी तिथे त्रिशरण-पंचशील व्हायचं. पाचवं शील दारू न पिण्याचं. ते घ्यायला आमचे शूर गडी नाल्याकाठी मोहाची ढोसून यायचे, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात तेच म्हणायचे. मावशी कापडगिरणीत तुटलेले धागे जोडायची. सबंध पाळी उभ्याने काढून यायची, आणि पुन्हा विहाराच्या दारात उभी. "आ कर," म्हणायची. वास आला की बाहेर. "घरी जाऊन झोप गा. बुद्धासमोर खोटं बोलाले इतक्या दूर कायले आला?"

देव आम्ही सोडले, पण देवाला लाच द्यायची सवय कुठली सुटते! मागच्या गल्लीतल्या एका बाईने लेकीला मुलगा झाला म्हणून बुद्धाच्या तसबिरीपुढे चक्क कोंबडा आणला. नवस बोलली होती म्हणे. मावशीने तिच्या हातातून कोंबडा काढून घेतला. "ज्यानं जीव मारू नका म्हनलं, त्याच्यासमोर कोंबडा कापतं वं?"

"मंग त्याले द्याचं काय?" बाई रडकुंडीला आली.

"काही नाही. तो मांगतच नाही. तेच तर तुमाले समजून नाही राह्यलं."

दुसरी एक म्हातारी जुन्या देवांच्या आठवणीने डोळे पुसायची. तिला मावशी म्हणाली, "ज्यानं तुले पायरीवर उभं नाही केलं, त्याच्यासाठी रडून राह्यली? तो रडला का कधी तुझ्यासाठी?"

लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. ऐकून ऐकून पाठ केलेलं, आणि सांगायची ते आपल्याच थाटात. "राजाचा पोरगा होता. एक म्हातारा पाह्यला, एक बिमार पाह्यला, एक मढं पाह्यलं, अन् त्याची झोप उडाली. तुमी तर हे रोजच पाहता. तुमची काहून नाही उडत?" मग म्हणायची, "दुःख आहे, हे सांगाले बुद्ध कायले पाहिजे? ते तर आपल्या चुलीपाशीच बसून राह्यते. त्यानं त्याचं मूळ दाखवलं. आस. हे पाहिजे, ते पाहिजे, सोडवतच नाही. सूत लय ताणलं तर तुटते, ढिलं सोडलं तर गुतते. मधात धरा."

तर अशा या बाईच्या मुलाशी, श्रावणशी, माझं लग्न ठरलं. मी सोळा-सतरा वर्षांची. मुलगा देखणा, मिलमध्ये कामाला, आणि सासू अशी की घरात दारूचा थेंब यायचा नाही. माझ्या आईने वडिलांच्या पिण्यापायी काय काय सोसलं ते मी पाहिलं होतं. दीक्षेनंतर वडिलांनी सोडली होती खरी, पण सणावाराला पुन्हा 'थोडीशी' व्हायचीच. म्हणून मला ते घर हवं होतं. मुलापेक्षा जास्त ते घरच हवं होतं, असं म्हण.

लग्नाच्या दिवशी मी पांढरं लुगडं नेसून विहारात बसले होते. उमरेडहून पाहुणे आलेले, बाहेर वरण-भात शिजत होता. नवरदेवाची आई म्हणून आज तरी मावशी आत येऊन बसेल असं सगळ्यांना वाटलं. छे! ती आपली दारातच. वऱ्हाडी हसत हसत आ करून आत येत होते. शेवटी श्रावण आला.

"आ कर."

"माय, आज तं राहू दे!"

"आ कर म्हनलं ना."

त्याने तोंड उघडलं नाही. मित्रांनी हिंमत यावी म्हणून पाजली होती. लग्नाला हिंमत लागते म्हणे! पोटात घेऊन आणायची असते वाटतं ती.

"मागं हो," मावशी म्हणाली.

माझे वडील धावले. "बाई, घोटभर घेतला असन. लग्नाचा दिवस आहे. चालते."

"कोणाले चालते? तुमाले? तिले इचारलं?"

सगळा विहार माझ्याकडे वळला. आजवर मला कुणी भाजी कोणती करू हेही विचारलं नव्हतं. आईने मान खाली घातली होती. मला तिचाच चेहरा दिसत होता. मी म्हणाले, "मले नाही चालत."

मग काय, गोंधळ! वडिलांनी कपाळाला हात लावला. पाहुणे मावशीला शिव्या घालू लागले. पोटचा पोरगा हाकलणारी कसली आई, म्हणाले. पुन्हा तेच सगळे पंगतीला बसून दुसऱ्यांदा वरण मागून जेवले, तेव्हा काही त्यांच्या घशात अडकलं नाही. श्रावण त्याच पाहुण्यांबरोबर उमरेडच्या मोटारीत बसला, तो गेलाच.

आठवड्याने मावशी आमच्या घरी आली. माफी नाही, रडणं नाही. माझ्यासाठी घेतलेलं लुगडं पुढे ठेवलं. "हे तुझंच आहे. त्याच्यासाठी थांबू नको. वाट पाह्याची तं मी पाहतो."

आणि पाहिली. दुसऱ्यांना आस सोडा सांगणारी बाई, पण उमरेडची मोटार यायची वेळ झाली की काहीतरी निमित्त काढून सडकेवर. मी एकदा विचारलं, "मावशी, तुझी आस?"

स्वतःवरच तुच्छतेने हसली. "मी कच्ची आहो वं. सांगणं सोपं राह्यते."

दोनेक वर्षांत ती खोकल्याने गेली. श्रावण आला नाही. माझं लग्न झाल्यावर कधीतरी त्याची बायको, मोडलेल्या लग्नाचं कुणाकडून अर्धवट ऐकून, कडेवर मूल घेऊन मला शोधत आली. म्हणाली, "ताई, आमचे हे घरात दारू येऊ देत नाहीत. स्वतः तं शिवतही नाहीत. काहून, ते सांगत नाहीत. तुमाले मालूम आहे का?"

मला मालूम होतं, पण राग असा आला! अरे, एवढं पटलं होतं, तर एक दिवस मोटारीत बसून आईला येऊन सांगायला काय झालं होतं? बुद्धाने मध्यम मार्ग सांगितला, उमरेडहून नागपूरचा रस्ता विसरा असं कुठे सांगितलं?

म्हणून म्हणते पोरी, मनातलं सांगायचं ते माणूस समोर बसलेलं असताना सांगावं. मी अजून बसलेली आहे. या रविवारी ये, आणि राहायला ये.