पंचविसावं कार्ड

होस्टेलमध्ये आम्ही पंचवीस मुली होतो आणि कागदातून चौकोन निघत होते चोवीस. मला जे सांगायचं आहे ते एवढ्यावरूनच सुरू झालं, म्हणून ते आधी सांगते.

पांढरकवड्याच्या आमच्या होस्टेलमध्ये मार्चच्या सुरुवातीला, परीक्षेआधी, एक छोटा निरोपाचा कार्यक्रम असतो. त्यात प्रत्येक मुलीला हातानं केलेलं एक कार्ड मिळतं. मग ती कार्डं सगळ्या खोल्यांतून फिरतात आणि प्रत्येकजण त्यात एकेक ओळ लिहिते. त्या वर्षी कार्डं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा कात्रीवर हात बसलेला आहे. राजूरला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पताका मी सातवीत असल्यापासून कापते. कागदाच्या घड्या घालून एका दमात आठ-दहा पताका काढायच्या आणि सगळ्यांच्या कडा सारख्या यायला हव्यात, नाहीतर बायका नावं ठेवतात.

वॉर्डन मॅडमनी एक मोठा नक्षीचा कागद दिला. कोणाच्या तरी निवृत्तीची भेटवस्तू बांधायला आणलेल्यातला तो उरला होता. हिरव्या जमिनीवर केशरी फुलांच्या वेली आणि मधे मधे निळे पक्षी. अख्खे दिसणारे पक्षी सहाच. कागदाच्या दोन्ही कडांना दोन बोटं रुंदीची पांढरी पट्टी होती, आणि तिच्यावर छापखान्यात रंग तपासायला मारतात तसले ठिपके, लाल, पिवळे, निळे, काळे.

"एवढ्यात सगळ्यांचं झालं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "दुसरा कागद नाही."

माझी खोली खाली, बाथरूमला लागून होती. भिंतीला ओल, दुपारीही लाईट लावावा लागायचा. माझ्यासोबत एका कोलाम पोडावरची मुलगी होती. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. होस्टेलमध्ये एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. मी 'राजूर'. तिच्या गावाचं नाव मात्र कोणी घेत नसे, ती नुसती 'पोड'. ती ओ द्यायची. तिचं अक्षर सगळ्या होस्टेलमध्ये सर्वांत सुंदर होतं आणि तोंड सगळ्यांत तिखट. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "तुह्ये कान धुतले नाई का? का राजूरचा कोळसा संगं घेऊन आली?" माझे बाबा कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगवर काम करतात. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या वाटचं पाणी भरून ठेवलं आणि म्हणाली, "बोलू नोको, पण आंघोळ तं कर."

असं ते चाललं होतं. वाईट चाललं नव्हतं.

पण मला वरच्या खोलीत जायचं होतं. पहिल्या सेमिस्टरला माझा इंग्रजीचा पेपर राहिला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. पेपर राहिला म्हणजे नेमकं काय झालं हे बाबांना समजलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "मंग घ्याले येऊ का तुले?" पुन्हा राहिला असता तर ते खरंच आले असते. वरच्या खोलीत चार कॉट, दोन टेबलं आणि मोठी खिडकी होती. तिथं ढाणकीची एक ताई राहायची, माझ्याहून एक वर्ष पुढची. घरची कापूस-तुरीची शेती, मामा आमच्याच कॉलेजात प्राध्यापक. तिचं इंग्रजी चांगलं होतं आणि ती मला शिकवायची. मी वर गेले की ती कॉटवर बस म्हणायची. पाण्याची बाटली मी माझी घेऊन जायचे. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कोण कोणत्या खोलीत हे मुलीच ठरवायच्या आणि चिठ्ठ्या मॅडमकडे द्यायच्या. फेब्रुवारीत ताई म्हणाली, "चौथी कॉट खाली होऊन राह्यली. तुह्यं नाव टाकीन मी. पण पाहू, तू कशी राह्यते." मी खाली येऊन यातलं काही बोलले नाही.

कार्यक्रमाआधीच्या रविवारी दुपारी, खालच्या खोलीत, आम्ही दोघींनी कागद फरशीवर पसरला. कोणाला पक्षी द्यायचा आणि कोणाला नुसती पानं, हे मला ठरवता येईना.

"फुलं पाहून नावं घालशीन तं मरशीन," ती म्हणाली. "कागद पालथा कर."

"पालथा कशाला?"

"आमच्या पोडावर बकरा कापला का वाटे घालतेत. मंग एक जण वाट्याइकडं पाठ करून उभा राह्यते. दुसरा एका वाट्यावर हात ठेवते, म्हणते, हा कोणाचा? तो नाव घेते. कोनाले काय गेलं ते त्यालेच ठाव नाई. मंग भांडण कोनासंगं करतीन?"

"आणि वाटा कमी पडला तर?"

"ज्याचं नाव शेवटी राह्यलं त्यानं हाडं चोखावं."

मी कागदाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं चोवीस चौकोन आखले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी बोट ठेवून विचारायचे, हा कोणाचा, आणि ती नाव घ्यायची. मधेच म्हणाली, "आता माह्यं लिव, नाई तं मीच राहून जाईन." चोवीस नावं झाली तेव्हा राहिली होती ढाणकीची ताई. नावं घेताना तिनं ताईचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. नंतर स्वतःची समजूत घालताना ती शंका मला फार उपयोगी पडली.

"चाल, ताईले ठिपके," ती हसून म्हणाली आणि पोळ्या लाटायची तिची पाळी होती म्हणून स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळानं ताई आली, सोबत तिच्या खोलीतली मुलगी. "वो राजूर, दाखव नं कार्डं कुठवर आले." तिनं कागद उचलला, दारात नेला आणि उन्हाकडे धरला. नावांच्या मागून फुलं आणि पक्षी दिसायला लागले.

"पोडाले पाह्य, अख्खा पक्षी गेला," सोबतची म्हणाली.

"माह्यं नाव दिसत नाई," ताई म्हणाली.

मी सगळं सांगितलं. पाठ करून नावं घेतल्याचं, चोवीसचं, पांढऱ्या पट्ट्यांचं. ताईनं ऐकून घेतलं. ती चिडली नाही.

"बरं. तुले पटते तं पटते." मग माझ्याकडे न बघता ती सोबतच्या मुलीला म्हणाली, "खोल्यांच्या चिठ्ठ्या शुक्रवारी द्याच्या हायेत नं?"

एवढंच. मी खोडरबर घेतला. माझं स्वतःचं नाव खोडता आलं असतं. माझ्या चौकोनात दोन फुलं आणि अर्धं पान होतं. मी कागद फरशीवर ठेवला, माझ्या खोलीतल्या मुलीचा पक्ष्याचा चौकोन शोधला आणि तिचं नाव खोडलं. हलक्या हातानं, कागद फाटू नये म्हणून.

"हे पाह्य, म्या काही म्हणलं नाई," ताई म्हणाली.

मी तिथं ताईचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीतली कॉलेजात असताना मी सगळे चौकोन कापले, घडी घातलेल्या पांढऱ्या कार्डशीटवर चिकटवले, आत नावं घातली आणि गठ्ठा मॅडमकडे देऊन आले. पंचविसाव्या कार्डावर पट्ट्यांचे तुकडे शेजारी शेजारी लावले, ठिपके एका रेषेत येतील असे. त्याला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मॅडमनी घाई केली, असं मी तिला सांगितलं.

कार्यक्रम हॉलमध्ये झाला. कार्डं वाटून झाली आणि कोणाला तरी सुचलं की सगळी कार्डं जमिनीवर जुळवून परत तो कागद करावा आणि फोटो काढावा. मुली गुडघ्यांवर बसून वेली जुळवायला लागल्या. चोवीस कार्डं बसली. नक्षी जवळजवळ अख्खी झाली.

"ए पोड, तुह्यं आण," एक म्हणाली.

ती कार्ड घेऊन आली.

"हे कुठं बसते बापा?"

"कडेले ठेव. कडेचंच हाय."

"अवं, तिचंच तं खरं हातानं केलेलं हाय. आपले छापील."

सगळ्या हसल्या. तिनं पहिल्या ओळीतला पक्षी पाहिला, त्याच्यामागं कोण बसलं आहे ते पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मग तीही हसली. "चारी रंग हायेत यात," ती म्हणाली. "तुमच्या पक्ष्यात काळा दाखवा."

फोटोत तिचं कार्ड नक्षीच्या बाहेर, तिच्या पायाच्या बोटांजवळ आलं. दिवसभर तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होता. माझ्याही.

मग कार्डं फिरली. तिच्या कार्डात कोणी लिहिलं, 'झाडावर चढून का होईना पण फोन करत जा.' कोणी लिहिलं, 'पुढच्या वर्षी चप्पल घालून वर्गात ये.' ते माझ्याकडे आलं तेव्हा खालचा कोपरा रिकामा होता. मी लिहिलं, 'अशीच हसत राहा.' फारशी ओळख नसलेल्या मुलींच्या कार्डांतही मी तेच लिहिलं होतं.

संध्याकाळी खोलीत तिनं विचारलं, "माह्यं नाव कोनं खोडलं?"

"ताईनं," मी म्हणाले.

"असन," ती म्हणाली. "तिचा हात लयच साफ हाय. डाग नाई राह्यला."

शुक्रवारी खोल्यांच्या चिठ्ठ्या आल्या. अक्षर चांगलं म्हणून मॅडमनी स्वच्छ यादी करायला त्या तिच्याचकडे दिल्या. मला हे सुचायला हवं होतं. ती कॉटवर मांडी घालून, वही मांडीवर घेऊन एकेक चिठ्ठी वाचत होती आणि उतरवत होती. मी समोर बसून इंग्रजीचं पुस्तक उघडलं होतं. ती एका चिठ्ठीशी थांबली.

"वरच्या खोलीत तुह्यं नाव हाय."

"हो."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"फेब्रुवारीपासून."

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. "मंग ताईले कायले खोडा लागते?" ती म्हणाली. "तिच्याजवळ तू होती."

तिनं वरच्या खोलीत माझं नाव लिहिलं. बाकीच्यांचं लिहिलं तसंच, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मग वही माझ्याकडे फिरवली. "पाह्य, बरोबर हाय का."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

आमच्या खोलीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि खालची ओळ मोकळी सोडली.

परीक्षा झाल्या, सुट्टी झाली, आणि मी वर राहायला गेले. तिच्या खोलीत उमरीकडची नवीन मुलगी आली. ही नवीन मुलगी तिला 'पोड' म्हणत नाही, खऱ्या नावानं हाक मारते. माफी मागायची म्हणून मी दोनदा खाली गेले. एकदा ती नव्हती. एकदा होती, केस विंचरत होती, आणि मी बाथरूममध्ये जाऊन हात धुऊन परत आले.

हिवाळी परीक्षेत माझं इंग्रजी निघालं. मी पेढे आणले आणि सगळ्या खोल्यांत वाटले. तिनं एक पेढा उचलला.

"किती पडले?"

"अठ्ठेचाळीस."

"बरे हायेत," ती म्हणाली, आणि डबा नवीन मुलीकडे सरकवून दिला.