उबुदमधली भानामती

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि परदेशात पाय ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सव्वासहा वाजता, भानामती पकडली.

परदेश म्हणजे बाली बेटावरचं उबुद. आमचा मुलगा महेश तिथे राहतो. तो काय करतो असं आमच्या गावी, नांदूरघाटात, कुणी विचारलं की मी "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतो, कारण त्यापुढचं मलाही ठाऊक नाही. आदल्या दिवशी विमानतळावरून येताना गाव पाहिलं आणि मी चाट पडलो. रस्ता आमच्या बाजारगल्लीएवढा अरुंद, त्यावर स्कूटींची रीघ आणि निम्म्या स्कूटींवर गोरे. अंगात बनियन, पाठीला गुंडाळलेली चटई, पायात काही नाही. (माझी बायको कमल म्हणाली, "बिचाऱ्यांच्या चपला देवळातून गेल्या जनू.") हॉटेलाहॉटेलात आणखी गोरे लॅपटॉप उघडून बसलेले. एका कॉफीवर तीन तास! आमच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने तिसऱ्या मिनिटाला टेबलावर फडकं मारून उठवलं असतं.

"ह्येंला कामधंदा न्हाई का रं?" मी महेशला विचारलं.

"ह्योच कामधंदा हाय, बाबा. मी बी तितंच बसतो."

मी गाडीची काच वर करून घेतली.

महेशची खोली इबू वायान नावाच्या बाईंच्या आवारात होती. 'इबू' म्हणजे आपण 'बाई' म्हणतो तसं. खोलीची मुदत महिनाअखेर संपत होती. जेवताना महेशने आम्हाला बजावलं, "इबू आजून हो म्हनली न्हाई. समोरच्या माडीवरचं जर्मन जोडपं ह्याच खोलीवर टपून हाय. चार दिसांनी ह्येंच्या घरच्या देवळाचा उत्सव हाय, तेवडा झाला की सांगते म्हनली. दुसरी खोली मिळत न्हाई गावात. तवर तुमी जरा सांबाळून."

"आमी काय करनार हाव?" मी म्हणालो.

सकाळी उठून दार उघडलं, तर उंबऱ्यासमोर हिरव्या पानाची तळहाताएवढी टोपली. तीत लाल-पिवळी फुलं, चिमूटभर भात, एक बिस्कीट, वर धुपणारी उदबत्ती. आणि एक सिगारेट. उतारा! केज तालुक्यात वाढलेल्या माणसाला उतारा ओळखायला चष्मा लागत नाही. फक्त लिंबाऐवजी सिगारेट होती. (म्हटलं, परदेशातली भुतं, त्यांची आवड वेगळी असणार.) वर्गात मी पोरांना सांगायचो की उतारा ओलांडल्याने काही होत नसतं. पण तेव्हा समोर फळा असायचा. इथे माझा उचललेला पाय हवेतच राहिला.

"अगं, बाहीर यिऊ नको."

"कावून?" कमल आतून म्हणाली.

"महेशवर कुनीतरी करनी केलीय."

"कुनी?"

"त्या जर्मनानं."

कमल दारातून डोकावली. "आवो, जर्मनाला उतारा कुटून यितो?"

"खोलीसाटी मानूस काय बी शिकतो."

मी आवारभर नजर फिरवली. पायरीवर एक टोपली, फाटकाशी एक, झाडाखाली दोन. आणि एक थेट महेशच्या स्कूटीच्या सीटवर! पोर खोलीतूनच नव्हे, जगातूनच उठवायचं ठरलेलं दिसत होतं. मी स्वयंपाकाच्या ओट्यावरून सांडशी उचलली, एकेक टोपली बादलीत टाकली आणि मागच्या ओढ्याकडे निघालो. उतारा वाहत्या पाण्यात सोडताना वाटेत बोलायचं नसतं, मागे वळून बघायचं नसतं आणि मागून हाक आली तर ओ द्यायची नसते, कारण ती हाक माणसाची नसते.

मागून हाक आली.

"पाक! पाक!"

बाईचा आवाज होता. मी वेग वाढवला. आवाजानेही वाढवला. मग एकसष्टाव्या वर्षी, लुंगी एका हातात आणि बादली दुसऱ्या हातात धरून, मी पळालो. बादली ओढ्यात उपडी केली आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या वाटेने परत फिरलो. ती वाट आमच्या घराकडे जात नव्हती हे मला अर्ध्या तासाने कळलं.

तोवर इकडे कमलने स्वतःचे उपचार सुरू केले होते. झोपलेल्या महेशवरून मीठ, मोहऱ्या आणि बॅगेतून आणलेल्या घरच्या मिरच्या उतरवून तिने तापल्या तव्यावर टाकल्या. मी फाटकात पोचलो तेव्हा सगळं आवार खोकत होतं. माडीवर जर्मन जोडपं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतं. कमल मात्र डोळ्यांतून पाणी गाळत शांत उभी.

"दृष्ट न्हाई," ती म्हणाली. "दृष्ट आसती तर येवडा ठसका लागला नसता. तुमी कायतरी घोळ घातलाव."

प्रयोग, निरीक्षण, अनुमान. जन्मभर मी हे फळ्यावर लिहिलं आणि जमलं ते स्वयंपाकघरात.

महेश खोकतच बाहेर आला. मी सगळं सांगितलं.

"बाबा, ती पूजा हाय. हितं रोज घराघरात असतीय. उंच जागी ठिवलेली देवाला, खाली ठिवलेली भुताखेतांला, त्येंनी तरास दिऊ नये म्हनून. इबू चारला उठून मांडती. तुमी पळालाव तवा तीच 'पाक', म्हंजी 'आवो बाबा', म्हनत तुमच्या मागं पळत आली आसंल."

"मग हाक कशाला मारली? नुसतं थांबवायचं."

"गेली खोली," महेश म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला खरोखर लाज वाटली. पोराने दोन वर्षांत तिथे बस्तान बसवलं होतं आणि मी ते एका बादलीत घालून सोडून आलो होतो.

आम्ही तिघं माफी मागायला गेलो. इबू पडवीत ताडाच्या पानांच्या ढिगात बसल्या होत्या. उत्सवाला चारशे टोपल्या लागणार होत्या, सून नुकतीच बाळंत झालेली आणि आजच्या सहा मी बुडवलेल्या. महेशने त्यांच्या भाषेत काहीबाही सांगितलं. त्या माझ्याकडे बघून एकच शब्द बोलल्या. महेशने तो मला आजवर सांगितलेला नाही.

कमलचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती पानांकडे बघत होती. टोपल्या टाचायला बांबूच्या बारीक काड्या होत्या.

"अगं बया, ही तर पत्रावळ हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

कमलचं माहेर बीडजवळचं पाली. लग्नसराईत त्यांच्या घरी पळसाच्या पानांचे भारे यायचे आणि अख्ख्या गावजेवणाच्या पत्रावळी या बहिणी लावायच्या. तिने पान दुमडलं, काडी टोचली, मोडली, पुढचं पान घेतलं. इबूंनी पहिली टोपली उचलून झटकली. सुटली नाही. दुसरी जोरात झटकली. तीही सुटली नाही. मग इबूंनी पानांचा अर्धा ढीग कमलकडे सरकवला.

दुपारपर्यंत शेजारच्या बायका बघायला जमल्या. तिसऱ्या दिवशी कमल त्यांना बीडच्या मराठीत शिकवत होती आणि त्यांना सगळं कळत होतं. जर्मन बाईही शिकायला येऊन बसली. "आसं न्हाई, आसं," म्हणत कमलने तिच्या हातावर चापट मारली, तर ती खूश होऊन थँक्यू म्हणाली. मीही एक टोपली करून पाहिली. इबूंनी नुसतं बघितलं आणि ती सुटली. मग मला कोंबड्या हाकायला बसवलं.

उत्सवाच्या दिवशी चारशेवर वीस टोपल्या जास्त भरल्या. पूजा झाली, आणि साऱ्या गल्लीसमोर इबूंनी कमलच्या कमरेला स्वतःचा पिवळा शेला बांधला. मग महेशला म्हणाल्या, खोली तुझी, दोन वर्षं. महेशने आईला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. माझीही छाती फुगली. बायको कुणाची?

मग इबू माझ्याकडे वळल्या. महेश सांगू लागला, "बाबा, तिची एक अट हाय. ज्येनं उचलल्या, त्येनंच मांडायच्या. तुमी जाईस्तवर रोज."

म्हणून पुढचे आठ दिवस मी सकाळी नेसूचं चौकड्याचं वस्त्र, डोक्याला फडकं आणि हातात उदबत्ती अशा थाटात उंबऱ्यापासून फाटकापर्यंत टोपल्या ठेवत हिंडलो. स्कूटीच्या सीटवरही ठेवल्या. जर्मन जोडप्याच्या दारातही ठेवल्या, आणि खरं सांगतो, पाय जराही थरथरला नाही.

अशाच एका सकाळी कमलने माझा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पालीहून मेहुण्याचं उत्तर पहिल्या मिनिटाला आलं.

"दाजी, येवड्या लांब जाऊन कुनावर करनी करायलाव?"