पुलीवरची खूण

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली होती. रिक्षा अर्ध्या चढावर थांबायची. आजारी माणूस चादरीत घालून खाली न्यावा लागे. माझे वडील असेच चादरीतून निघाले, रस्ता लागायच्या आत गेले. मी तेव्हा दहावीत होतो. पुढे बी.कॉम. झालो, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, आणि फौजेत व्हेइकल मेकॅनिक म्हणून भरती झालो. काही वर्षांनी पोस्टिंग मिळालं ते मुंबई उपनगरातल्या वर्कशॉपला.

तिथे एका पेट्रोल जीपचं इंजिन बदललं. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मी लावलं. दुसऱ्या दिवशी ०६४० ला मेसेज आला: आमच्याच डोंगराची कड खचलीय, माणसं अडकलीत, मोठी गाडी चढत नाही, स्ट्रेचर घेऊन जीप पाठवा.

गेटबाहेरच्या चढावरच इंजिन ठोकायला लागलं. दमच सोडला त्याने. जीप मागे घेतली, टायमिंग लाइट लावली. इंजिनच्या पुढच्या पुलीवरची खूण बरोब्बर जागेवर.

"टायमिंग ओके आहे, उस्ताद."

आमचे उस्ताद हवालदार कदम मालवणचे. "खुणेन गाडी चढता काय रे, ग्रॅज्युएट? पिस्टनाक विचार."

एक नंबरचा प्लग काढून त्यांनी भोकात लांब पेचकस उभा सोडला. मी पान्याने इंजिन हळूहळू फिरवलं. पेचकस वर येऊन थांबला, म्हणजे पिस्टन माथ्यावर. खूण मात्र दोन बोटं बाजूला. पुलीतलं रबर सुटून बाहेरची कडा सरकली होती, खूणही तिच्याबरोबर. त्या खुणेवर विसंबून मी ठिणगी फार आधी पाडत होतो.

रेडिओवर कॅप्टनसाहेब. "जीप कुठे आहे? ओव्हर."

"दहा मिनिटं, सर. ओव्हर." मग कदम माझ्याकडे वळून, "माझा तोंड काय बघतंस? छिन्नी घे."

मी नवी खूण पाडली, तिच्यावर टायमिंग लावलं. ०७२५ ला निघालो. मी स्टिअरिंगवर, कदम शेजारी. जीप एका दमात वर गेली.

"तुझी खोली खंय?"

"त्या पिंपळामागे होती. आई आता खाली बिल्डिंगमध्ये असते."

"बरा केलंस."

कदम वरच थांबले, स्ट्रेचर भरून देत राहिले. मी चार खेपा केल्या. ०९५० ला माती पुन्हा आली, कदम तिच्याखाली गेले. पाचव्या खेपेला मी हवालदार कदमांना खाली आणलं. उतारावर ते एका शब्दाने बोलले नाहीत, बोलणार नव्हतेच.

चार खेपांत आठ माणसं जिवंत खाली आली. त्या दिवशी आमच्या डोंगरावरून कोणालाही चादरीतून न्यावं लागलं नाही.